मीठ आणि चुना : स्वयंपाकघरांत, गुऱ्हाळांत व बागेंत

राहू-बेटांतील कोणत्याहि शेतकऱ्याच्या घरीं गेलें तरी दोन पांढरीं द्रव्यें हटकून आढळतात. एक चुलीजवळच्या बरणींतलें मीठ, आणि दुसरें पानाच्या डब्यांतला किंवा ओसरीच्या कोपऱ्यांतील मडक्यांतला चुना. दोन्हीहि स्वस्त, आणि दोन्हीहि इतक्या नित्य परिचयाचीं कीं, त्यांच्याविषयीं चौकशी करावी असें कोणास वाटत नाहीं. परंतु यांच्याविषयींच्या गैरसमजानेंच भरल्या बागा पिवळ्या पडतात, आणि चांगल्या पोसलेल्या उसाचा गूळ पावसाळ्यांत पाघळून हलक्या भावानें द्यावा लागतो. लोणचें, गूळ, फवारा आणि चोपण जमीन हीं प्रकरणें वेगळालीं दिसलीं तरी त्यांच्या मुळाशीं या दोन द्रव्यांचा एकेक साधा स्वभाव आहे. तो ध्यानांत घेतला म्हणजे कोठें काय घालावें व कोठें घालूं नये, हें पुष्कळ अंशीं आपलें आपणांसच ठरवितां येतें.

दोहोंचा मूळ स्वभाव

लिटरभर पाण्यांत मीठ जवळजवळ ३६० ग्रॅम विरतें. त्याच पाण्यांत विरलेला चुना मात्र दीड-पावणेदोन ग्रॅमांहून अधिक विरघळत नाहीं. बाकीचा सर्व तळाशीं बसतो. आणि चुन्याची मूळ जी चुनखडी, ती तर शुद्ध पाण्यांत विरतच नाहीं म्हटलें तरी चालेल. म्हणजे मीठ पाण्याबरोबर चालतें आणि चुना जेथें घातला तेथेंच बसतो. या लेखांतील सर्व विवेचन या एका वाक्यावर उभें आहे.

चुन्याची तीन रूपें मात्र वाचकांनीं वेगळीं ओळखलीं पाहिजेत. शंभर किलो शुद्ध चुनखडी भट्टींत पुरी भाजली म्हणजे तिच्यांतील वायु निघून जाऊन छप्पन्न किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी पडतांच तो तापतो, फुटतो व फुलतो. हा विरलेला चुना होय. हा विरलेला चुना उघडा पडला म्हणजे हवेंतील तोच वायु हळूहळू शोषून घेऊन पुन्हां चुनखडी होतो. भिंतीवरचा चुना कालांतरानें दगडासारखा घट्ट होतो तो यामुळेंच; आणि दुकानांत वर्षभर उघडा पडलेला चुना औषधाच्या कामीं निरुपयोगी ठरतो तोहि यामुळेंच.

स्वयंपाकघरांत

कैरीच्या फोडींस मीठ चोळून ठेवलें कीं कांहीं तासांतच भांड्याच्या तळाशीं पाणी सुटतें. मीठ फोडींतील पाणी बाहेर ओढतें आणि त्याच पाण्यांत विरून पुन्हां फोडींत शिरतें. नासविणाऱ्या सूक्ष्म जंतूंच्या अंगांतलें पाणीहि तें असेंच ओढून घेतें, म्हणून लोणचें टिकतें. मात्र त्यास प्रमाण पुरेसें हवें. किलोभर फोडींस दोनशें ग्रॅमांच्या आसपास मीठ घालण्याची घरोघर चाललेली रीत शास्त्रास धरूनच आहे. चवीच्या नादानें मीठ निम्म्यावर आणलें तर तें लोणचें चार दिवसांत संपवावें. वर्षभर टिकण्याची आशा करूं नये.

रोजच्या जेवणांतील गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. प्रौढ मनुष्यास दिवसाकाठीं पांच ग्रॅमांहून, म्हणजे लहान चमचाभराहून, कमी मीठ पुरें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. लोणचें, पापड, खारी चटणी व वरून घेतलेलें मीठ मिळून हें माप केव्हांच ओलांडलें जातें, आणि रक्तदाबाचा विकार वाढण्यास तें एक कारण होतें. खाण्याचें मीठ आयोडीनयुक्त असावें, असा आपल्या देशांत २००६ पासून कायदा आहे. आयोडीन उष्णतेनें व दमट हवेनें उडून जातें, म्हणून मिठाची बरणी झांकलेली असावी आणि मीठ शक्यतों शेवटीं घालावें.

चुन्याचें स्वयंपाकांतलें काम निराळें. कोहळ्याचा पेठा किंवा आंवळ्याचा मोरावळा करतांना फोडी किंवा टोंचलेले आंवळे कांहीं तास चुन्याच्या निवळींत ठेवतात. फळाच्या पेशींना एकत्र चिकटवून ठेवणारें जें पेक्टिन नांवाचें द्रव्य, त्याच्याशीं चुन्याचा संयोग होऊन फोड कणखर बनते, आणि मग पाकांत शिजली तरी तिचा लगदा होत नाहीं. निवळी करावयाची म्हणजे खाण्याचा चुना भरपूर पाण्यांत ढवळून रात्रभर स्थिर ठेवावयाचा आणि वरचें स्वच्छ पाणी अलगद ओतून घ्यावयाचें. येथें चुन्याचा मंद स्वभावच उपकारक होतो. चुना दहा ग्रॅम घातला काय किंवा पन्नास घातला काय, निवळींत उतरतो तो लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅमच. नंतर फोडी तीन-चार स्वच्छ पाण्यांनीं धुवून घ्याव्या. भिंतीला देण्याचा चुना या कामीं कधींहि वापरूं नये.

मेक्सिकोंत मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून, धुवून, मग वाटण्याची चाल फार प्राचीन आहे. मक्यांतील नायसिन नांवाचें जीवनसत्त्व इतर द्रव्यांत अडकून असतें. चुन्यानें तें मोकळें होऊन अंगीं लागतें. युरोपियनांनीं तेथून मका नेला, पण चुन्याची चाल नेली नाहीं. पुढें जेथें जेथें गरीब लोक केवळ मक्यावर राहूं लागले, तेथें तेथें पेलाग्रा या त्वचेच्या व बुद्धीच्या विकारानें हजारों लोक पीडले. जुन्या रीतींत कधीं कधीं मोठें शहाणपण दडलेलें असतें, याचें हें ठळक उदाहरण आहे. परंतु प्रत्येक जुनी रीत हितकर असतेच असें नाहीं. तंबाखूंत चुना मळला म्हणजे तंबाखूंतील विष अधिक मोकळें होऊन लवकर अंगांत भिनतें. तंबाखूनें तोंडाचा कर्करोग होतो हें आतां निर्विवाद आहे. चुन्यानें ती संवय अधिकच घट्ट होते.

आणखी एक इशारा येथेंच देणें अवश्य आहे. चुन्याची पुडी किंवा डबी मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. ती दाबतांना फुटून चुना डोळ्यांत उडाल्यानें मुलें कायमचीं आंधळीं झाल्याचीं उदाहरणें आहेत. असें घडल्यास डोळा चोळूं नये. तेल, तूप, दूध कांहीं घालूं नये. ताबडतोब स्वच्छ पाण्याच्या धारेखालीं निदान वीस मिनिटें डोळा धुवावा, पापण्यांखालचे कण काढावे आणि तसेंच डॉक्टरांकडे न्यावें. चुना येथेंहि जागेवर बसतो व जाळीत राहतो, हें विसरतां कामा नये.

गुऱ्हाळांत

आमच्या दौंड तालुक्यांत गुऱ्हाळें पुष्कळ आहेत, तेव्हां येथील वाचकांस या दोन्ही द्रव्यांचा खरा हिशोब गुळाच्या ढेपेवरच कळतो. उसाचा ताजा रस किंचित् आंबट असतो. त्याचा सामू साधारणतः सव्वापांच ते साडेपांच असतो. तसाच आंबट रस कढविला तर साखरेचा कांहीं भाग फुटतो आणि गूळ मऊ पडतो. चुन्याची निवळी घातल्यानें आंबटपणा कमी होऊन सामू सहा ते साडेसहाच्या दरम्यान येतो, मळी गोळा होऊन वर येते आणि भेंडीच्या चिकासरशीं ती काढून टाकतां येते. चुना कमी पडला तर गूळ बसत नाहीं. जास्त झाला तर गुळाचा रंग काळपट होतो व चव बिघडते. म्हणून घट्ट चुना अंदाजानें ओतण्यापेक्षां निवळी मापानें घालावी, आणि सामू पाहण्याचा रंगीत कागद गुऱ्हाळावर ठेवावा. त्याची किंमत एका ढेपेपुढें कांहींच नाहीं.

परंतु एक दोष असा आहे कीं, जो कोणत्याहि गुळव्याच्या हातीं नाहीं. खाऱ्या जमिनींतला किंवा खाऱ्या पाण्यावरचा ऊस आपल्या रसांत क्षार घेऊन येतो. चुन्यानें मळी निघते, पण हे क्षार पाण्यांत पुरे विरलेले असल्यानें मळीबरोबर निघत नाहींत. रस आटतो तसे ते अधिक घट्ट होतात आणि अखेर ढेपेंत उतरतात. असा गूळ खारट लागतो, दमट हवेंत ओल ओढतो आणि पावसाळ्यांत पाघळतो. गुळव्यास दोष देऊन उपयोग नाहीं. जें शेतांतून आलें तें कढईंत सुधारत नाहीं. त्याचा बंदोबस्त शेतांतच केला पाहिजे.

बियाणांस मीठ, फवाऱ्यास चुना

शेतींत मिठाचा एक निर्धोक व अत्यंत स्वस्त उपयोग आहे, तो बियाणें निवडण्याचा. शिरूर व दौंड भागांत बाजरी पिकते. बाजरीच्या अरगट रोगाच्या विषारी गांठी दाण्यांत मिसळलेल्या असतात व नजरेनें वेंचून काढणें कठीण असतें. दहा लिटर पाण्यांत दोन किलो मीठ विरवून त्यांत बियाणें ओतावें व ढवळावें. पोकळ दाणे व अरगटाच्या गांठी हलक्या असल्यानें तरंगतात. त्या काढून जाळाव्या किंवा खोल पुराव्या, जनावरांपुढें टाकूं नयेत. तळाचें सकस बियाणें दोन-तीन वेळां गोड्या पाण्यानें स्वच्छ धुवून सावलींत वाळवावें आणि मग पेरावें. धुण्यांत कुचराई केल्यास उगवण बिघडते. उरलेलें मीठपाणी बागेंत न ओततां दूर टाकावें.

चुन्याचा तसाच नामांकित उपयोग म्हणजे बोर्डो मिश्रण. फ्रान्समधील बोर्डो प्रांतांत रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर, वाटसरूंनीं घड तोडूं नयेत म्हणून, मोरचूद व चुना यांचा लेप देत असत. १८८२ च्या सुमारास मिलार्डे नांवाच्या प्राध्यापकांच्या नजरेस आलें कीं, त्या वेलींवर केवडा रोग पडला नाहीं. १८८५ सालीं त्यांनीं ही कृति प्रसिद्ध केली, आणि तेव्हांपासून जगभर ती चालत आली आहे.

एक टक्का मिश्रणासाठीं एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यांत व एक किलो ताजा चुना दुसऱ्या पन्नास लिटर पाण्यांत निरनिराळा विरवावा. चुन्याचें पाणी गाळून घ्यावें आणि दोन्ही धारा एकाच वेळीं तिसऱ्या भांड्यांत सोडून ढवळाव्या. भांडीं मातीचीं, लांकडी किंवा प्लॅस्टिकचीं असावीं, लोखंडी नसावीं. मग स्वच्छ विळ्याचें पातें मिश्रणांत क्षणभर बुडवावें. त्यावर तांबूस पुट चढलें तर चुना कमी पडला असें समजून आणखी निवळी घालावी, नाहींतर पानें करपतात. येथें चुना दोन कामें करतो : मोरचुदाचा दाहकपणा मोडतो, आणि औषधास पानाला चिकटवून ठेवतो. मिश्रण केलें त्याच दिवशीं संपवावें. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी असा दाट लेप करून पावसाळ्यापूर्वीं लिंबू, मोसंबी, डाळिंब यांच्या बुंध्यांस दोन-तीन फूट उंचीपर्यंत द्यावा.

बागेच्या मातींत चुना घालावा काय?

या प्रश्नाचें उत्तर गांवागांवांप्रमाणें बदलतें. कोंकणांत वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. एवढ्या पावसानें जांभ्या जमिनींतील चुन्याचा अंश युगानुयुगें धुपून गेला आहे व माती आंबट झाली आहे. तेथें चुना घालणें हें औषध आहे. तेथील नारळास मीठ देण्याचीहि चाल आहे, कारण नारळास मिठांतील क्लोरीन मानवतो, आणि एवढ्या पावसांत जादा मीठ साठून राहत नाहीं.

राहूची स्थिति याच्या उलट आहे. येथें पाऊस वीस इंचांच्या आंतबाहेर. काळ्या दगडापासून झालेल्या आमच्या मातींत चुनखडीचे खडे नांगराला लागतात, आणि सामू बहुधा आठाच्या आसपास असतो. ज्याला शंका असेल त्यानें आपल्या मळ्यांतील वाळलेल्या मातीवर लिंबाच्या रसाचे चार थेंब पिळून पाहावे. बुडबुडे आले तर चुनखडी भरपूर आहे असें समजावें. अशा मातींत कोंकणांतल्या पाहुण्यानें सांगितलें म्हणून चुना घालणें म्हणजे भरल्या पोटीं जेवण वाढण्यासारखें आहे. चुना अधिक झाल्यानें जमिनींतील लोह झाडांस मिळेनासें होतें. कोंवळीं पानें पिवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उसावर असें झालें म्हणजे आपण केवडा पडला म्हणतों. बोर्डोच्या केवड्याशीं याचा संबंध नाहीं. तो बुरशीचा रोग, हा लोहाचा उपवास. कित्येकजण हें पाहून पुन्हां युरिया टाकतात व फसतात. यावर लिटरभर पाण्यांत पांच ग्रॅम हिराकस विरवून संध्याकाळच्या वेळीं पानांवर फवारावें, आठ-दहा दिवसांनीं पुन्हां फवारावें. आणि पुढील सालासाठीं हिराकस चांगल्या कुजलेल्या शेणखतांत मुरवून मातींत द्यावें.

पाण्याबरोबर येणारें मीठ

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घरांत मीठ चिमटीनें मोजतात. पण शेतांत तें गाडीभर येतें आणि कोणी मोजीत नाहीं. हिशोब सोपा आहे. एक एकरास तीन इंच पाणी दिलें तर तें सुमारें तीन लक्ष लिटर होतें. त्या पाण्यांत लिटरला अर्धा ग्रॅमच क्षार असले, म्हणजे जिभेला तें गोडच लागत असलें, तरी एका पाळींत दीडशें किलो क्षार शेतांत आले. उसास वर्षांत पंचवीस पाळ्या दिल्या तर पावणेचार टन झाले! पीक पाणी पितें, ऊन पाणी ओढून नेतें, पण क्षार बहुतेक सर्व मागेंच ठेवतात.

भीमा आणि मुळा-मुठा यांच्या मधल्या आमच्या या बेटांत नदीचें पाणी उपसून बारमाही ऊस घेतला जातो. मुळा-मुठेंतून पुणें शहराचें सांडपाणीहि वाहत येतें, आणि सांडपाण्यांत क्षार स्वच्छ पाण्याहून नेहमींच अधिक असतात. माती भारी, निचरा मंद. अशा ठिकाणीं क्षार खालीं जाण्याऐवजीं उन्हाळ्यांत ओलीबरोबर वर चढतात आणि वरंब्यांवर पांढरा फुलोरा दिसूं लागतो. मीठ पाण्याबरोबर चालतें तें असें. पाणी वर चाललें कीं तेंहि वर.

ही आपत्ति नवी नाहीं. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. पुढें पंचवीस वर्षांतच नीरा खोऱ्यांतील खारवटलेल्या जमिनींचा प्रश्न एवढा मोठा झाला कीं, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन व श्री. ताम्हाणे यांनीं त्या जमिनींची पाहणी करून १९१० सालीं त्यावर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. ज्या पाण्यानें श्रीमंती आणली त्याच पाण्यानें जमिनी उतरविल्या. राहूकरांनीं तोच धडा पुन्हां स्वतःच्या खर्चानें शिकण्याचें कारण नाहीं.

उपाय व त्यांचा क्रम

बिघडलेल्या जमिनी दोन प्रकारच्या असतात. नुसती खारवट जमीन पांढरी दिसते, पण भुसभुशीत असते आणि तिचा सामू साडेआठाच्या आंत असतो. चोपण जमिनींत सोडियम मातीच्या कणांस चिकटून बसलेला असतो. ती ओली असतां लोण्यासारखी चिकट व वाळल्यावर दगडासारखी होते, तिच्यावर पाणी तुंबतें आणि सामू साडेआठाच्या वर जातो.

पहिला उपाय दोहोंसहि एकच : निचरा. उतार पाहून चर काढल्यावांचून दुसरें कांहींहि करूं नये. मीठ पाण्यानें आलें, तें पाण्यानेंच जाईल. पण जावयास वाट हवी. खारवट जमिनीस चर व पावसाळ्यांतील गोडें पाणी बांधून मुरविणें एवढेंच बहुधा पुरतें.

चोपण जमिनीस आणखी कांहीं लागतें. सोडियमास कणांवरून हुसकून तेथें कॅल्शियम बसविला पाहिजे. कॅल्शियम चुन्यांतहि आहे. मग चुनाच कां घालूं नये, असें कोणी विचारील. कारण हें कीं, कळीचा किंवा विरलेला चुना जमिनीचा विम्लपणा अधिकच वाढवितो व लवकरच चुनखडी होऊन निजून राहतो. जिप्सम तसें करीत नाहीं. तें पाण्यांत पुरेसें विरतें आणि सामू वाढवीत नाहीं. म्हणून माती तपासून ठरेल तितकें जिप्सम शेणखताबरोबर वरच्या थरांत मिसळावें व मग पाणी द्यावें.

जेथें मातींत चुनखडी आधींच भरपूर आहे, तेथें गंधकहि चालतें. मातींतील जंतु गंधकाचें आम्ल करतात, तें आम्ल निजलेल्या चुनखडीस विरवितें, आणि जिप्सम शेतांतल्या शेतांतच तयार होतें. ताग किंवा धैंचा गाडल्यानें, व कारखान्याची कुजविलेली मळी घातल्यानेंहि, कांहीं अंशीं हेंच काम होतें. मीठ बाहेर घालवावें आणि चुन्यास जागें करावें, हें राहूच्या जमिनीचें थोडक्यांत औषध होय.

दरम्यान पिकें विचारपूर्वक घ्यावीं. मोसंबी व घेवडा हीं फार हळवीं. ऊसहि खारावर उगवणीस मार खातो. कापूस, बीट, पालक हीं बरींच सोशीक आहेत. पाणी थोडें व बेतानें द्यावें, आणि उसाचें पाचट न जाळतां सरींत आंथरावें, म्हणजे ऊन जमिनींतलें पाणी ओढीत नाहीं व क्षार वर चढत नाहींत.

माती व पाणी तपासण्याची सोय बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्रांत आहे. पीक निघाल्यावर, खत घालण्यापूर्वीं, शेतांत आठ-दहा ठिकाणीं वीतभर खोल खड्डे घेऊन त्यांची माती मिसळावी व त्यांतील अर्धा किलो न्यावी. पांढऱ्या पडलेल्या तुकड्याची माती निराळी बांधावी, आणि विहिरीचें किंवा नदीचें पाणी स्वच्छ बाटलींत निराळें न्यावें.

गृहिणी भाजींत मीठ घालण्यापूर्वीं चव घेते, आणि मगच हात उचलते. आपण मात्र जमिनीची चव न घेतांच तिच्यांत वर्षानुवर्षें ओतीत असतों. येत्या उन्हाळ्यांत वरंब्यावर पांढरें दिसण्याची वाट न पाहतां प्रत्येकानें निदान एका शेताची माती तपासून घ्यावी, आणि काय आढळलें तें शेजाऱ्यासहि सांगावें. कारण चर एकाच्या बांधावर संपत नाहीं आणि खारहि बांध पाहून थांबत नाहीं.